वासाची पावती

मॅडमनी माझ्या पहिल्यावहिल्या इंग्रजी परिच्छेदावर लाल पेनाने सतरा गोल काढले होते. सोळा माझ्या व्याकरणाला होते, सतरावा माझ्या गावाला. विषय होता ‘माय व्हिलेज’. खाडी आहे, चिखल आहे, होड्या आहेत असं सगळं सांगून झाल्यावर मी शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘देअर इज स्मेल.’ मॅडमनी ‘स्मेल’भोवती गोल काढून समासात सुबक अक्षरात लिहिलं, ‘ओडर’.

आता आमच्या घरात ‘ओडर’ हा शब्द रोजचा. आईला लग्नसराईत पापलेटची ओडर यायची, कुणाच्या बारशाला कोळंबीची ओडर यायची. ऑर्डर म्हणजे शिस्त हा दुसरा अर्थही मला ठाऊक होता. त्यामुळे मी अशी समजूत करून घेतली की मॅडमना माझ्या गावाची अब्रू झाकायची आहे. वास आहे असं चारचौघांत सांगू नकोस रे बाबा, शिस्त आहे असं सांग. स्पेलिंग चुकलंय हेही माझ्या लक्षात आलं होतं, पण मॅडमच्या चुकीला गोल कोण काढणार? तिसऱ्या दिवशी लायब्ररीत डिक्शनरी उघडली तेव्हा कळलं की ओडर म्हणजेही वासच. फक्त शिकलेला.

हे १९९८ सालचं. एफ. वाय. बी. कॉम., चेंबूरचं एक कॉलेज, आणि गाव माहुल. माहुल कुठे आहे हे मुंबईच्या माणसालाही सांगावं लागतं. चेंबूर स्टेशनवरून निघालं की खताचा कारखाना लागतो, मग तेलाचे कारखाने, मग पाइपांची रांग, टँकरची रांग, गोल गोल टाक्या, आणि जिथे रस्त्यालाच पुढे जायचा कंटाळा येतो तिथे आमचा कोळीवाडा. त्यापुढे खाडी. तिथल्या चिखलात थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत हजारो फ्लेमिंगो एका पायावर उभे असतात. दुसरा पाय ते नाकावर ठेवतात असं आमचा एक काका पाहुण्यांना सांगतो, आणि शहरातले पाहुणे वहीत लिहून घेतात.

१९५४-५५ साली इथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. एक स्टॅनव्हॅकचा, जो पुढे एस्सोचा झाला, आणि दुसरा बर्मा-शेलचा. सत्तरच्या दशकात सरकारने दोन्ही ताब्यात घेतले, पाट्या बदलल्या. आजी मात्र शेवटपर्यंत ‘बर्माशेल’च म्हणत राहिली. आमच्या गावात इंग्रजी आली ती या कारखान्यांच्या गेटातून. मेकॉलेने आपलं टिपण १८३५ साली लिहिलं, ते आमच्या आजोबांपर्यंत पोचायला एकशे वीस वर्षं लागली, आणि पोचलं तेही गेटपास, शिफ्ट, फोरमन, व्हॉल्व्ह आणि ओव्हरटाइम एवढ्या पाच शब्दांत. आजोबांचं सगळं इंग्रजी या पाच शब्दांवर आयुष्यभर चाललं. त्यातला ओव्हरटाइम त्यांना स्पेलिंगसकट येत होता.

मी पालिकेच्या मराठी शाळेतला. पहिलीपासून इंग्रजी हे २००० सालानंतरचं कौतुक. आमची गाठ इंग्रजीशी पाचवीत पडायची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं. म्हटलं असेल. आमच्यापर्यंत येईतो त्यात पालिकेच्या नळाचं एवढं पाणी मिसळलेलं असायचं की पिऊन कुणी गुरगुरल्याचं ऐकिवात नाही. कॉलेजात नाव लागलं तसं मामाने रद्दीवाल्याकडून रेन अँड मार्टिनचं जाडजूड व्याकरण आणून दिलं. पुढे कधीतरी कळलं की हे रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी करून गेले आणि मग फ्रेंचांच्या परदेशी पलटणीवर ‘बो जेस्ट’ नावाची कादंबरी लिहून १९२४ साली गाजले. ज्या माणसाच्या डोक्यात वाळवंटातल्या लढाया चालू होत्या, त्याने आम्हाला कर्तरी-कर्मणीच्या चिखलात का उभं केलं असेल, याचा विचार मी बरीच वर्षं केला. आमच्याआधी कुणीतरी त्या पुस्तकात ‘पॅसिव्ह व्हॉइस’च्या पानाला पापड ठेवून ते बंद केलं होतं. पापड तसाच होता.

पेपरचं नाव ‘बिझनेस कम्युनिकेशन’. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला सक्तीचा. कवितेचं नाव नाही, गोष्ट नाही, सगळी पत्रं. चौकशीचं पत्र, ऑर्डरचं पत्र, तक्रारीचं पत्र, तक्रारीला उत्तराचं पत्र, नोकरीचा अर्ज. फुल ब्लॉक, सेमी ब्लॉक आणि मॉडिफाइड ब्लॉक असे पत्राचे आकार. फुल ब्लॉकमध्ये सगळं डाव्या समासाला चिकटून उभं राहतं, पावसाळ्यात दुकानाच्या फळीखाली माणसं उभी राहतात तसं. सेमी ब्लॉकमध्ये प्रत्येक परिच्छेद थोडा आत सरकतो. मॅडमनी पहिल्या महिन्यात नुसतं सरकणं शिकवलं. त्यातून विद्यापीठाचं ‘बॉम्बे’ जाऊन ‘मुंबई’ होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. नोट्स जुन्या, शहर नवं. मी सुरक्षिततेसाठी नुसतं ‘माहुल’ लिहून खाली ४०० ०७४ टाकायचो.

पत्राचं आम्हाला नवल नव्हतं. मराठी पत्राला काय कमी मानपान आहेत? तीर्थरूपांना साष्टांग नमस्कार, मित्राला सप्रेम नमस्कार, अनोळखी माणसाला सा. न. वि. वि. पत्र कोणाला आहे ते पहिल्या ओळीतच कळतं, आणि पैसे मागितलेत की नाहीत ते शेवटच्या. जुन्या दप्तरांतल्या पत्रांत तर खंडणीपासून खुशालीपर्यंत सगळं सांगून झाल्यावर ‘बहुत काय लिहिणे’ म्हणून मोकळे. इंग्रजीत मात्र सगळ्यांना एकच ‘डिअर’. ज्याने बिघडलेला मिक्सर गळ्यात मारला तोही डिअर, ज्याच्याकडे नोकरी मागायची तोही डिअर. आणि शेवटी आपण त्याचे ‘फेथफुली’, म्हणजे इमानदारीने. मी मॅडमना विचारलं की भांडायचंच आहे तर इमान कशाला? मॅडम मूळच्या केरळच्या, चेंबूरमध्ये वाढलेल्या, मराठी छान बोलायच्या. त्या म्हणाल्या, ‘‘इंग्रजीत भांडायचं असेल ना, तर आधी खुर्ची पुसून द्यायची.’’ अभ्यासक्रमात नसलेलं हे वाक्य तेवढं मला नोट्सशिवाय पाठ झालं.

सेल्स लेटरच्या धड्याला मात्र मला मॅडमची दया आली. अटेन्शन, इंटरेस्ट, डिझायर, अॅक्शन, अशा चार पायऱ्यांनी गिऱ्हाइकाला वर न्यायचं. मी रोज पहाटे आईची पाटी उचलून बाजारापर्यंत द्यायचो, तेव्हा हे चारही टप्पे मी उघड्या डोळ्यांनी बघितले होते, पण वेगळ्या चालीने. आई गिऱ्हाइकाकडे बघायचीच नाही. हे झालं अटेन्शन. गिऱ्हाइक खाली वाकून सुरमईचे कल्ले बघायचं, हे इंटरेस्ट. भाव ऐकून ते उठायला लागलं की आई शेजारणीला म्हणायची, ‘‘र्‍हाऊ दे ग, यांना शिजवाला नाय जमायचं.’’ इथे डिझायर. मग गिऱ्हाइक पाकीट काढायचं. परीक्षेत मी हे उदाहरण इंग्रजीत लिहिलं. वीसपैकी अकरा. शेरा होता, ‘लॅक्स कर्टसी’.

आता तक्रारीच्या पत्राकडे येतो, कारण माझं सगळं इंग्रजी शिक्षण तिथे येऊन अडकलं.

१९९९ च्या जानेवारीत एका रात्री गावात फार वास सुटला. वास रोजचाच, पण त्या रात्री डोळ्यांतून पाणी, पोरं खोकतायत, म्हातारी माणसं ओट्यावर येऊन बसलेली. सकाळी गावकीचे चौघे आमच्या दारात. ‘‘तू कॉलेजान जातंस ना? मंग इंग्रजीन लिव. मराठी अर्ज ते बगत पन नायत.’’ एका कचेरीला पत्र द्यायचं होतं. कोणत्या कचेरीला, ते सोडा. मी कॉलर ताठ केली, फुलस्केप घेतला आणि नोट्स काढल्या.

नोट्समध्ये तक्रारीच्या पत्राचे भाग असे. एक, कधी आणि काय खरेदी केलं, बिल नंबरसह. दोन, मालात दोष काय. तीन, त्यामुळे झालेली गैरसोय. चार, भरपाई काय हवी, माल बदलून की पैसे परत. पाच, सोबत बिलाची प्रत जोडा.

मी पेन चावत बसलो. खरेदीची तारीख? एक आजोबा म्हणाले, ‘‘लिव, चोपन साल.’’ बिल नंबर? कुणाकडेच नव्हता. मालात दोष काय, तर माल पूर्ण होता, किंबहुना मागवल्यापेक्षा जास्त आला होता. मुळात मागवला कोणी यावर चौघांत दहा मिनिटं जुंपली आणि एकाने दुसऱ्याच्या आजोबांचं नाव घेतलं, ज्यांनी म्हणे सगळ्यांत आधी जमीन दिली होती. ते भांडण मिटवून मी चौथ्या मुद्द्यावर आलो. बदलून हवा की परत न्यायचा? यावर मात्र एकमत झालं. परत न्या.

राहिलं ‘एन्क्लोजर’. सोबत काही जोडलं नाही तर पत्राला वजन येत नाही असं मॅडमनी बजावलं होतं. फ्लेमिंगोवाला काका म्हणाला, ‘‘बाटलीन भर ना. रातचा बाटली उगडी ठेव, सकालचा बूच लाव, पत्राला बांद.’’ आम्ही सगळे हसलो. मी तर सर्वांत जास्त, कारण मी शिकलेला होतो. पुढे खरोखरच तज्ज्ञ मंडळींनी गावात येऊन हवेचे नमुने भरून नेले. काका तेव्हा ओट्यावर पाय सोडून बसला होता. माझ्याकडे बघून त्याने नुसती भुवई उचलली.

शेवटी पत्र झालं. फुल ब्लॉक. डिअर सर. सब्जेक्ट: ओडर. ‘स्मेल’ लिहून मी पुन्हा अडाणी ठरणार नव्हतो. खाली चौसष्ट सह्या आणि अंगठे. आईने अंगठा दिला आणि विचारलं, ‘‘यान ‘नाक जलतंय’ कुठं लिवलंस?’’ मी तिला दाखवलं: ‘इनकन्व्हिनियन्स इज बीइंग कॉज्ड.’ तिने तो कागद बराच वेळ बघितला. म्हणाली, ‘‘बारीक लिवलंस.’’

महिन्याने उत्तर आलं. टाइप केलेलं, गोल शिक्का, खाली इंग्रजी सही. पाचसहाशे माणसं चावडीवर जमली असतील असं मला आता वाटतं. खरं म्हणजे वीसेक असतील. मी मोठ्याने वाचून मराठीत सांगायला सुरुवात केली. आपले पत्र मिळाले. आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. तथापि, आपण आपल्या ऑर्डरचा क्रमांक व दिनांक नमूद न केल्यामुळे पुढील कार्यवाही करणे शक्य झालेले नाही.

म्हणजे तिथला साहेबही माझ्यासारखाच मराठी शाळेतला निघाला. मॅडमनी सुधारलेला शब्द मला कळायला तीन दिवस लागले होते. त्याच्याकडे डिक्शनरी नसणार. मॅडमना ते पत्र दाखवलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग चष्मा काढून पुसत बसल्या. पुढच्या तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं: साधा शब्द वापरा. मला शंका आहे की तो त्या वर्षीचा एकमेव धडा होता जो कोणत्याही नोट्समध्ये नव्हता, आणि म्हणून परीक्षेत आला नाही.

त्या उत्तरातून मला आणखी एक गोष्ट कळली. ‘नोंद घेण्यात आली आहे’ असं मराठी आपल्या आयांनी आपल्याला शिकवलेलं नाही. आई म्हणते, ‘मी बगते’ किंवा ‘मी बगनार नाय’. घेण्यात आली, करण्यात येईल, कळविण्यात येते, हे सगळं कचेरीत घडतं, आणि करणारा माणूस त्यात कुठेच सापडत नाही. हा रेनसाहेबांचा पॅसिव्ह व्हॉइस आहे, फक्त धोतर नेसलेला. जिथे वास येतो पण सोडत कोणीच नाही, त्या गावाला याहून सोयीचं व्याकरण मिळालं नसतं.

पुढे वासाची फार प्रगती झाली. २०१३ साली केईएम रुग्णालयाने माहुल आणि आंबापाड्यात घरोघरी पाहणी केली. आमच्या धापेचं ‘ब्रेथलेसनेस’ झालं. महिन्यातून तीनदापेक्षा जास्त वेळा तो त्रास होणारे ६७.१ टक्के निघाले. यातला तो शून्य पूर्णांक एक टक्का कोण, यावर गावात बरीच थट्टा झाली. संशय काकावर होता, कारण तो कधी खोकायचा, कधी विडी ओढायचा. मग राष्ट्रीय हरित लवादापुढे गावातल्याच रहिवाशांचा अर्ज गेला आणि तिथे वासाला कायमचं नाव मिळालं: व्होलटाइल ऑर्गॅनिक कंपाउंड्स. घरात स्मेल, कॉलेजात ओडर, लवादात व्हीओसी. आमच्या गावातून एवढं शिकलेलं दुसरं कोणी नाही. लवादाने २०१५ साली गावकऱ्यांच्या तब्येतीला धोका असल्याचं मान्य केलं, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई भरायला सांगितली. मी आईला म्हटलं, बघ, वासाचं बिल शेवटी निघालं. ती बोंबील उलटे करत होती. ‘‘म्हंजे आता येनार नाय का?’’ मी म्हटलं, तसं नाही. ती म्हणाली, ‘‘मंग बिल कशाचं?’’

मधल्या काळात गावाशेजारी बहात्तर इमारती उभ्या राहिल्या. तानसा जलवाहिनीच्या बाजूची आणि इतर ठिकाणची घरं पाडून माणसं तिथे आणून ठेवली. त्या वसाहतीच्या जागेचं नाव एव्हरस्माइल. इथे राहणं तब्येतीला बरं नाही म्हणून २०१९ साली उच्च न्यायालयाने तिथल्या कुटुंबांना दुसरीकडे राहायला दरमहा १५,००० रुपये भाडं द्यायला सांगितलं, पण नाव कोणी बदललं नाही. विरुद्धार्थी शब्द शिकवायला याहून चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही.

आता माझी पुतणी पहिल्या वर्षाला आहे. पेपर तोच. नोट्स मोबाइलवर आल्या, फुल ब्लॉक तिथेच उभा आहे. एक गोष्ट मात्र नवी: अभ्यासक्रमात माहिती अधिकाराचा अर्ज आलाय. पोरगी इंग्रजी माध्यमाची, तिला स्मेल आणि ओडर दोन्ही येतात, आणि ती दोन्ही लिहीत नाही, मेसेजमध्ये नाक मुरडलेला चेहरा टाकते. तिला सरांनी सांगितलं की खरा अर्ज करून बघा. ती माझ्याकडे आली. ‘‘काका, मॉनिटरचे आकडे मागूया?’’ गावाजवळ हवा मोजणारं यंत्र आहे, त्याचे मागच्या वर्षाचे आकडे.

महाराष्ट्रात या अर्जाला नियम आहे. विषय एकच हवा आणि मजकूर पत्ता सोडून १५० शब्दांच्या आत. रेन अँड मार्टिनमधलं सारांशलेखन मला पंचवीस वर्षांनी उपयोगी पडलं. डोळ्यांची आग हा वेगळा विषय धरतील म्हणून ती काढली. खोकला काढला. आदरार्थी शब्द काढले. काकाचा फ्लेमिंगो त्याने स्वतःच आग्रह करून घालायला लावला होता, तोही काढला. अर्ज इंग्रजीत केला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलं, आणि फेब्रुवारीत देऊन आलो.

उत्तर मराठीत आलं. पुतणीने ते तीनदा वाचलं. ‘‘काका, हे कोणतं लँग्वेज आहे?’’ आपला अर्ज माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(३) अन्वये संबंधित प्राधिकरणाकडे हस्तांतरित करण्यात येत आहे. मी तिला इंग्रजीत समजावलं, मग आईला कोळी बोलीत. आईला एका वाक्यात कळलं: ‘‘दुसऱ्याच्या गल्यान घातलं.’’

मे महिन्यात त्या दुसऱ्या कचेरीचं पत्र आलं. त्यांनी तो अर्ज पुन्हा पहिल्या कचेरीकडे पाठवला आहे. अर्जाची प्रत माझ्यासमोर आहे. मी शब्द मोजले, १४८ भरले. आई म्हणते, दोन शिल्लक हायत ना, ते मी सांगते.